नाव मोकळं ठेवू नये

परभणीला कॉलेजला निघाले त्या दिवशी चारठाण्याच्या स्टँडवरून जिंतूरची बस हलायच्या आधी आईनं मला दोनदा हाक मारली. मी ड्रायव्हरच्या बाजूच्या खिडकीत बसले होते. आई आणि आप्पा पलीकडच्या बाजूला, दाराशी उभे होते आणि मधे बाजाराला निघालेली अख्खी बस होती. पिशव्या, डबे, कुणाचं तरी रडणारं लेकरू. त्या गलक्यातून "शिवू" असं अगदी स्वच्छ ऐकू आलं. थोड्या वेळानं पुन्हा, "शिवू." मी उठले नाही, मान वळवली नाही, ओ दिली नाही. सवयीनं तिसऱ्या हाकेची वाट बघत बसले. तेवढ्यात कंडक्टरनं बेल मारली, बस वळली आणि तिसरी हाक यायची राहून गेली.

गावाकडच्या माणसांना यातलं काही समजावून सांगायला नको. पण माझ्यासारखे जे लांब जाऊन राहिलेत आणि हे सगळं विसरत चाललेत, त्यांच्यासाठी सांगते. आमचं घर गावाच्या कडेला. परसाच्या मागं एक शेत आणि शेतापलीकडं आमची रुद्रभूमी. आमच्यात माणूस गेलं की जाळत नाहीत, मांडी घालून बसवून मातीत ठेवतात. शाळेतली पोरं चिडवायची, तुमच्यातली तर बसलेलीच असतात, हाक मारायला त्यांना कितीसा वेळ लागतोय. त्यामुळं म्हणा किंवा आणखी कशामुळं, आमच्या घरात एक नियम होता. दिवेलागणीला बाहेरून कुणी नाव घेऊन बोलावलं तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. दुसरीलाही नाही. आवाज आईचा असो, आप्पांचा असो. ते जे काही असतं ते ओळखीच्याच आवाजात बोलावतं, पण तिसरी हाक काही त्याला मारता येत नाही. माणूस असलं तर मारतंय तिसऱ्यांदा, असं आई म्हणायची. म्हणून आम्ही सगळे एकमेकांना तीन-तीनदा हाका मारायचो. नियम संध्याकाळपुरता होता, पण आमच्या अंगात तो दिवसभराचा मुरला. आलेल्या पाहुण्यांना वाटायचं, हे घरच बहिरं आहे.

मला तर हा नियम फारच सोयीचा होता. मी मुळात लाजाळू. दुकानात गेले तर दुकानदार माझ्याकडं बघेपर्यंत उभी राहायची, आणि त्यानं बघितलंच नाही तर तशीच परत यायची. तिसऱ्या हाकेपर्यंत बहुतेक लोक कंटाळून निघून जातात आणि आपल्याला बोलावंच लागत नाही, हे मी लहानपणीच हेरलं होतं.

परभणीला मी खरं तर मायक्रोबायोलॉजी घ्यायला गेले होते. बोरीची माझी मामेबहीण ते शिकून एका लॅबमध्ये लागली होती आणि तिचा पांढरा कोट मला फार आवडायचा. ॲडमिशनच्या दिवशी आप्पा चहा प्यायला बाहेर थांबले. मी आत जाऊन सगळ्यात लहान रांगेत उभी राहिले. ही कशाची रांग, हे विचारायला तोंड उघडावं लागलं असतं. खिडकीतल्या बाईंनी "जिऑलॉजीच ना?" असं विचारलं आणि मी मान हलवली. नाही म्हणायचं तर पुढं अख्खं वाक्य बोलावं लागतं, हो म्हणायला मान पुरते. असं माझं शिक्षण ठरलं. बाहेर येऊन आप्पांना सांगितलं, तर ते हसायला लागले.

"दगडापेक्षा वीट मऊ म्हणतेत. आमच्या पोरीनं दगडच घेतला." मग माझा चेहरा बघून म्हणाले, "घे. दगडासंग बोलायचं नसतंय. तुला बरं हाय."

वर्ग तळमजल्यावर होता. मागच्या भिंतीला दगडांची कपाटं, कपाटांच्या काचेला आतून धूळ. मुलं थोडीच. सर हाजरी घ्यायचे ती मान खाली घालून, आणि प्रत्येक नाव एकदाच. "शिवकन्या." माझ्या आत आपोआप मोजणी सुरू व्हायची, ही पहिली. आणि सर पुढच्या नावावर गेलेले असायचे. त्यांच्या समोर बसूनही मी गैरहजर. तास संपल्यावर जाऊन "सर, मी होते" असं सांगावं, तर जिला ओ देता येत नाही ती तक्रार कुठून करणार? होस्टेलवर येऊन मी उशीत तोंड खुपसायची. माझ्या खोलीत सोनपेठची रेश्मा होती, वर्गातही माझ्याबरोबरच. ती लय बोलकी. तुला देवानं तोंड दिलं ते काय फक्त भाकरी खायला, असं ती रोज विचारायची आणि मी हसून वेळ मारून न्यायची.

बोलायची लाज एकीकडं आणि दुसरीकडं हा विषय. मिनरल, क्रिस्टल, फॉल्ट, फोल्ड. मला वाटायचं, मी चुकून दुसऱ्याच मुलीच्या जागेवर येऊन बसले आहे. जिला हे शिकायचं होतं ती कुठंतरी बाहेर उभी असणार.

एका दुपारी सरांनी माझं नाव घेतलं. मी मनात पहिली हाक मोजली. आणि माझ्या मागून आवाज आला, "येस सर." सरांनी खूण केली आणि ते पुढं गेले.

तो आवाज माझा होता. फोनमध्ये रेकॉर्ड केलेला आपला आवाज ऐकला की जसा ओळखीचा आणि परका वाटतो, तसा. 'सर' म्हणताना माझा आवाज थोडा अडकतो, तसाच तो अडकला होता. मी वळून बघितलं. मागचा बाक रिकामा होता. त्याच्यामागं कपाट आणि कपाटात दगड.

प्रॉक्सी लावणं कॉलेजात नवं नाही. रेश्मानं माझी कीव येऊन लावली असेल, असं मी धरून चालले. खोलीवर तिला तसं म्हणाले, तर ती उलट माझ्यावरच उखडली. तू स्वतःच बोललीस आणि मला कामून विचारायलीस, म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. खरं सांगायचं तर भीतीबरोबर मला बरंही वाटलं. माझी हाजरी लागत होती आणि तोंड उघडावं लागत नव्हतं. ज्याचं ओझं वाटत होतं ते दुसरंच कुणी उचलत होतं. फक्त तास सुरू झाला की पाठ गार पडायची आणि मी बाजूच्या भिंतीकडं सरकून बसायची.

मग माझं मन पक्कं झालं. हा विषय माझा नाही, हे गाव माझं नाही. घरी जायचं, आप्पांना सांगायचं की जमत नाही, पुढच्या वर्षी दुसरं बघू. एका सकाळी वर्गात न जाता मी पिशवी घेऊन स्टँडवर गेले. जिंतूरच्या गाड्या येत होत्या, जात होत्या. प्रत्येक गाडीला मी उठायची आणि आप्पांचा चेहरा आठवून पुन्हा बसायची. दिवस तसाच गेला. संध्याकाळी परत आले, तर रेश्मा खुशीत होती.

"आज तोंड उघडलंस की गं," ती म्हणाली. "लय भारी बोललीस."

मी काय बोलले, असं विचारलं. सरांनी काळ्या दगडाबद्दल विचारलं, तेव्हा म्हणे मी उठून उभी राहिले आणि आमच्या गावच्या जुन्या देवळाचं सांगितलं. खांबाला कान लावला की आत कुणीतरी श्वास घेतंय असं वाटतं, तेही सांगितलं. सगळे हसले, मीपण हसले. सर शाबास म्हणाले.

लहानपणी देवळात कुणी नसताना मी त्या खांबाला कान लावायची. हे मी आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं, आईलासुद्धा नाही. माझ्या हातातली पिशवी अजून खाली ठेवायची राहिली होती.

"मी बसले कुठं होते?" मी विचारलं.

"कुठं म्हंजे? तुझ्याच जागेवर." मग वेणी घालता घालता ती म्हणाली, "अशी हसत जा. बरी दिसतीस."

त्या दिवशी मला खरी भीती कळली. मी बसमध्ये बसून गावी निघून गेले असते, तर इथं कुणालाच कळलं नसतं. माझ्या जागेवर, माझ्या नावावर ते शिकलं असतं, हसलं असतं, पास झालं असतं. वर माझ्यापेक्षा ते सगळ्यांना जास्त आवडलं असतं. आणि गावी जी परतली असती ती कोण, हे मला सांगता येत नव्हतं.

आईला फोन लावला. फोनवरसुद्धा ती आधी तीनदा नाव घेते, मग मी ओ देते, मग बोलणं सुरू होतं. तिला घाबरवायचं नव्हतं. जेवण झालं का, म्हैस दूध देते का, असं सगळं विचारून झाल्यावर मी सहज विचारल्यासारखं विचारलं, हाका मारून झाल्या आणि माणसानं ओ दिलीच नाही, तर काय होतं?

"न्हाई दिली तर नाव मोकळं राहतंय, बाई," ती म्हणाली. "मोकळ्या घरात कुणीबी शिरतंय. कामून विचारायलीस?"

मी उगंच म्हणाले आणि फोन ठेवला. नियमाचा हा अर्धा भाग मी लहानपणी ऐकला असेल, पण सोयीचा नव्हता म्हणून सोडून दिला असणार. दोन हाकांना गप्प राहायचं हे मी नीट शिकले होते. त्यानंतर ओ द्यायची असते, हे शिकायचं राहिलं होतं.

पुढचे काही दिवस मी रोज ठरवून जायची. आज आपण आधी बोलायचं. सर माझ्या आधीच्या मुलाचं नाव घ्यायचे, मी बाकाच्या कडेला सरकून बसायची. सर म्हणायचे, "शिवकन्या," मी तोंड उघडायची आणि मागून "येस सर" उरकलेलं असायचं. आता त्या आवाजात अडखळणं उरलं नव्हतं. तो ठणठणीत झाला होता आणि माझा रोज बारीक होत होता. जेवताना रेश्माला मीठ मागितलं तरी तिला ते ऐकू जायचं नाही.

अशात सरांनी फील्ड ट्रिप जाहीर केली. जुन्या बांधकामातला दगड बघायचा, तो झिजतो कसा ते शिकायचं. जागा चारठाणा. माझ्याकडं बघून सर म्हणाले की हे आपल्या शिवकन्येनंच सुचवलं आहे. मी काहीही सुचवलं नव्हतं.

माझ्याच गावात मी पाहुण्यासारखी बसमधून उतरले. देवळाभोवती सगळे पांगले. कुणी भिंग लावून खांब बघत होतं, कुणी फोटो काढत होतं. आश्चर्य म्हणजे मला ते आवडायला लागलं. ज्या खांबाला टेकून मी लहानपणी बोरं खाल्ली, तो लाव्हा थंड होऊन झालेल्या दगडाचा होता, आणि त्यातल्या बारक्या पांढऱ्या ठिपक्यांना नावं होती. हे मला कुणीतरी आधीच सांगायला हवं होतं, असं वाटलं. आपण चुकीच्या रांगेत उभ्या राहिलो असू, पण ती रांग इथंच येऊन पोचली होती. पहिल्यांदाच मला हा विषय दुसऱ्या कुणाला द्यावासा वाटेना.

दुपारनंतर आई सगळ्यांसाठी चहाची किटली घेऊन आली. सगळ्या पोरींची विचारपूस केली, रेश्माला जवळ घेतलं. माझ्याकडं मात्र ती पुनःपुन्हा बघत राहिली. वाळलीस, एवढंच म्हणाली.

दिवस कलला. बस देवळापासून थोडी लांब, रस्त्यावर होती. निघायच्या आधी सर बसच्या दाराशी उभे राहून मोठ्यानं नावं घ्यायला लागले, कुणी मागं राहायला नको म्हणून. बाकीचे तिकडं जमले होते. मी आणि आई देवळाच्या पायरीवर उभ्या होतो, आई किटली आवरत होती. आत खांबांमध्ये अंधार साचायला लागला होता.

"शिवकन्या," सरांनी हाक मारली.

आणि आत, खांबांमधून, कुणीतरी श्वास घेतला. बोलायच्या आधी माणूस घेतं तसा, छाती भरून.

आईनंही तो ऐकला. तिच्या हातातली किटली खाली टेकली आणि तिनं माझं मनगट धरलं, इतकं घट्ट की बांगडी रुतली. दिवेलागणीची वेळ, पहिली हाक, आणि हिच्या जिवात जीव असेतो ही मला ओ देऊ देणार नाही, हे मला तिच्या हातातून कळत होतं. आणि मी ओ दिली नाही तर आतलं देणार, हेही कळत होतं. त्या क्षणी मला एवढंच वाटलं की हे माझं नाव आहे. घाबरट असेल, बावळट असेल, पण माझं आहे.

"ओ!" मी ओरडले. "हाय मी, सर. मी हाय इथं."

येस सर नाही, हजर नाही. गुरं वळून आणणाऱ्या बाईसारखी गावठी, लांबवर जाणारी ओ. बसपाशी सगळे खो-खो हसले. सरही हसले. आत मात्र घेतलेला श्वास तसाच राहिला, थोडा वेळ. मग तो कुणीतरी हळूच सोडला आणि देवळात दगडांशिवाय काही उरलं नाही.

आईचा हात सुटला नव्हता. हे किती दिसापासून हाय, तिनं विचारलं. मी म्हणाले, परभणीला गेले तेव्हापासून असेल. स्टँडवर तू दोनदा हाक मारलीस, तिसरी मारायच्या आधी बस सुटली, माझी ओ द्यायची राहिली.

"मी कुठं मारली हाक?" ती म्हणाली. "माझा तर आवाजच फुटत नव्हता. तोंडाला पदर लावून उभी होते मी. आप्पाला विचार."

बसचा हॉर्न वाजला. मला वाटलं, आता ही मला जाऊ देणार नाही. तिनं माझं मनगट सोडलं, रुतलेल्या बांगडीखालची कातडी अंगठ्यानं चोळली.

"जा. बस सुटायलीय," ती म्हणाली. "आणि तिकडं पहिल्याच हाकेला ओ देत जा. तिकडं तिसऱ्या हाकेपस्तोर कुणी थांबत न्हाई."

त्यानंतर वर्गात तो आवाज आला नाही. मी लाजाळू राहिलेच, स्वभाव काय हाजरीनं बदलतो? पण नाव घेतलं की ओ द्यायला शिकले. पहिले काही दिवस 'येस सर'च्या जागी 'ओ' निघायची आणि वर्गात मला ओबाई नाव पडलं. चिडवणारे तेच पुढं मित्र झाले. रेश्मा मात्र एकदा म्हणाली की तू मधे काही दिवस फार मोकळं हसायचीस, तशी आता हसत नाहीस.

आता मी ऑस्ट्रेलियात असते, पर्थहून विमानानं जावं लागतं अशा एका खाणीच्या कॅम्पवर. रोस्टरप्रमाणे शिफ्ट करते, ड्रिलमधून निघालेले दगडाचे कोअर, म्हणजे लांब गोल दांडके, तपासते. सकाळी रेडिओवर सगळ्यांची नावं घेतली जातात, प्रत्येकाचं एकदाच. माझं नाव इथल्यांना धड म्हणता येत नाही, तरी ते पुरं व्हायच्या आत मी उत्तर देते. सहकारी म्हणतात, तू फारच तत्पर आहेस. त्यांना काय सांगणार? कधी कधी माझं नाव संपतं आणि मी बोलायच्या आधी रेडिओत कुणीतरी श्वास घेतल्यासारखा आवाज येतो. ती खरखरच असेल. मी घाई करते.

तुमच्यातले जे बाहेर गेले, त्यांना हे माहीत आहे. बाहेर सगळं एका हाकेवर चालतं. पहिल्या हाकेला नसलात, तर तुमची खुर्ची, तुमचं काम, तुमचं नाव, सगळ्याला दुसरं कुणीतरी तयारच असतं. मी त्याला सरावले आहे आणि खोटं कशाला बोलू, मला ते जमतंही. पण थकायला होतं.

मागच्या सुट्टीत गावी गेले होते. दिवेलागणीला परसात दगडावर बसले होते. आईनं हाक मारली, "शिवू." मला इतकं बरं वाटलं. इथं घाई नाही, इथं अजून दोन हाका यायच्या आहेत, असं म्हणून मी पाय पसरून बसले. "शिवू," पुन्हा आली. मी शेतापलीकडं बघत तिसरीची वाट बघत राहिले. ती आली नाही.

उठून घरात गेले. आई चुलीपुढं बसली होती, हात पिठाचे, तोंड परसाच्या दाराकडं. तिनंही ऐकलं होतं. ओ दिलीस का, तिनं विचारलं. मी नाही म्हणाले. तिनं मला जवळ बसवलं, इतकं जवळ की तिचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागत होता.

आणि मग माझ्या तोंडाकडं बघत, मी दूर शेतात असावी तशी, तिनं मोठ्यानं हाक मारली. "शिवू." मी गप्प बसले. "शिवू." मी गप्प. परसाचं दार वाऱ्यानं थोडं हललं.

"शिवू," आई तिसऱ्यांदा म्हणाली.

मी ओ दिली.